दोन डोस झाले, तरी पिल्लाला पार्वो कसा झाला?

कुत्र्याचं पिल्लू सव्वा महिन्याचं असताना घरी येतं. विकणारा सांगतो, "एक डोस झालाय." आपण दुसरा देऊन आणतो, कार्डावर स्टिकर लागतो, शिक्का बसतो. पंधरा-वीस दिवसांनी पिल्लू खाणं सोडतं. आधी उलट्या, मग घाण वासाचे, रक्ताचे जुलाब. डॉक्टर विष्ठेची चाचणी करतात आणि सांगतात, "पार्वो पॉझिटिव्ह." घरातल्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: मग लस दिली कशाला?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले, तेव्हापासून कुत्र्यांचा विषय निघाला की चर्चा रेबीजवर येऊन थांबते. ते समजण्यासारखं आहे, कारण रेबीज माणसाला मारतो. पण नवं पिल्लू आणणाऱ्या घराची गाठ बहुतेक वेळा आधी पार्वो या विषाणूच्या रोगाशी पडते, आणि त्याच्या लसीकरणाचं गणित फारसं कुणी समजावून सांगत नाही. "चार डोस असतात, कार्डावर तारखा लिहिल्यात," एवढ्यावर काम भागवलं जातं. चार का, तर त्यामागे कुत्रीच्या चिकाची गोष्ट आहे.

हा विषाणू आला कुठून

१९७८ च्या आधी हा रोग कुत्र्यांच्या डॉक्टरांना माहीत नव्हता. मांजरांना त्याच्यासारखाच एक रोग पूर्वीपासून होत होता, त्याचं नाव फेलाइन पॅनल्युकोपेनिया. त्याच्या जवळच्या नात्यातल्या एका विषाणूत थोडे बदल झाले आणि तो कुत्र्याच्या पेशीत शिरायला शिकला. तेव्हा जगातल्या एकाही कुत्र्याकडे त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. दोनेक वर्षांत तो जगभर पसरला आणि पिल्लांबरोबर मोठी कुत्रीही दगावली. कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत डॉक्टरांनी मांजरांची लस कुत्र्यांना देऊन वेळ मारून नेली, आणि नातं जवळचं असल्याने तिचा बऱ्यापैकी उपयोगही झाला. मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात खास कुत्र्यांसाठीची लस तयार झाली. भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच या रोगाची नोंद झाली.

आज बहुतेक प्रौढ कुत्र्यांना लशीमुळे किंवा लहानपणी रोग होऊन गेल्यामुळे संरक्षण असतं. त्यामुळे पार्वो आता मुख्यतः दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांचा रोग उरला आहे. विषाणूचे पुढे २ए, २बी, २सी असे प्रकार झाले. "नवीन प्रकार आलाय, जुन्या लशी चालत नाहीत" असं ऐकायला मिळतं, पण उपलब्ध लशी या सगळ्या प्रकारांविरुद्ध संरक्षण देतात. लस घेऊनही रोग होतो, त्यामागे बहुतेकदा वेगळंच कारण असतं.

पोटात काय होतं

हा विषाणू फक्त भराभर विभागणाऱ्या पेशींमध्येच वाढू शकतो. वाढत्या पिल्लात अशा पेशी दोन ठिकाणी भरपूर असतात: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं आणि विषाणू नेमकं ते नवं होणंच थांबवतो. अस्तर सोलवटतं, पाणी आणि रक्त वाहून जातं. तिकडे मगजात पांढऱ्या रक्तपेशी बनणं कोसळतं. आतड्यातले नेहमीचे जिवाणू फाटक्या अस्तरातून रक्तात शिरतात, आणि त्यांना अडवायच्या पेशीच शिल्लक नसतात. पिल्लू जातं ते शरीरातलं पाणी संपल्यामुळे आणि रक्तात पसरलेल्या जिवाणूंमुळे. उपचारात सलाईन आणि अँटिबायोटिक यांवर इतका भर असतो तो यासाठीच.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला मात्र लक्षणांच्या आधीच सुरुवात होते. म्हणून "काल तर मस्त खेळत होतं" या वाक्याला पार्वोच्या बाबतीत काही अर्थ नाही.

चिकाचं देणं आणि लशीची अडचण

गाय व्याल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांचं दूध म्हणजे चीक. आपण त्याचा खरवस करतो. कुत्रीलाही असाच चीक येतो आणि त्यात तिच्या अँटीबॉडी असतात, म्हणजे विशिष्ट विषाणूला ओळखून त्याला निकामी करणारी प्रथिनं. गर्भात असताना वारेतून पिल्लाला त्यातल्या फार थोड्या मिळतात. जवळपास सगळा साठा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून येतो, कारण त्यानंतर पिल्लाचं आतडं ही मोठी प्रथिनं अखंड आत घेत नाही.

हा साठा उसना असतो. पिल्लू तो स्वतः बनवत नाही, त्यामुळे तो फक्त घटत जातो. पार्वोविरुद्धच्या अँटीबॉडी दर नऊ-दहा दिवसांनी निम्म्या होतात.

आता लशीकडे येऊ. पार्वोची लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू. तो पिल्लाच्या शरीरात थोडा वाढला पाहिजे, तरच पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती त्याला ओळखून तयार होणार. पण आईच्या अँटीबॉडींना लशीतला दुबळा विषाणू आणि रस्त्यावरचा खरा विषाणू यांत फरक कळत नाही. त्या दोघांनाही अडवतात.

सोसायटीच्या गेटवर आईने ठरावीक मुदतीसाठी एक वॉचमन ठेवलाय असं समजा. तो चोराला आत सोडत नाही. पण घरच्या माणसांना चोर कसा ओळखायचा हे शिकवायला आलेल्या माणसालाही तो गेटवरूनच परत पाठवतो. जसजसे दिवस जातात तसा हा वॉचमन अधूनमधून गैरहजर राहू लागतो. चोर दांडगा असल्यामुळे तो अर्ध्या पहाऱ्यातूनही आत घुसतो. शिकवणारा बिचारा साधा माणूस, त्याला मात्र पूर्ण मोकळं गेट लागतं.

खरा धोका या मधल्या काळात असतो. आईचं संरक्षण रोग थांबवायला कमी पडतं, पण लस बाद करायला पुरेसं असतं. हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो, आणि कितीही चांगली लस वापरली तरी तो पूर्णपणे टाळता येत नाही.

तो काळ कधी येणार, हे पिल्लागणिक बदलतं. एकाच वेतातली दोन पिल्लं घ्या. एक धष्टपुष्ट, भरपूर चीक प्यायलेलं. दुसरं अशक्त, सगळ्यांत शेवटी आचळाला लागलेलं. पहिल्याला दुसऱ्याच्या आठपट अँटीबॉडी मिळाल्या असतील, तर त्याचा साठा दुसऱ्याइतका खाली यायला तीनदा निम्मा व्हावा लागेल, म्हणजे जवळपास महिना. सख्खी भावंडं, तारीख एक, लस एक. एकाला सातव्या आठवड्यात लागू पडेल, दुसऱ्याला अकराव्यातही पडणार नाही. गंमत अशी की आई जितकी नीट लसीकरण झालेली, तितका पिल्लाचा साठा मोठा आणि तितका लशीचा अडथळाही लांबलेला.

मग डोस किती?

पार्वोचे डोस एकावर एक विटा रचल्यासारखे साठत नाहीत. तो दर वेळचा नवा प्रयत्न असतो. गेट नेमकं कधी उघडणार हे माहीत नसल्यामुळे दोन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं. एकदा लस लागू पडली की काम झालं. आधीचे सगळे डोस वाया गेले असले तरी बिघडत नाही.

त्यामुळे "किती डोस झाले" यापेक्षा "शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला" हा प्रश्न महत्त्वाचा. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएची, शिफारस अशी: सहा ते आठ आठवड्यांत सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यानंतर साधारण सहा महिन्यांच्या वयाला आणखी एक. हा सहाव्या महिन्यातला डोस पूर्वी वर्षभरानंतर द्यायचे. पण काही थोड्या पिल्लांमध्ये सोळाव्या आठवड्यालाही आईच्या अँटीबॉडी शिल्लक असतात, आणि ती वर्षभर उघडी पडू नयेत म्हणून तो अलीकडे आणला गेला.

आता सुरुवातीच्या पिल्लाकडे परत बघा. तिसाव्या दिवशी एक, पन्नासाव्या दिवशी एक. दोन्ही डोस गेट बंद असताना झालेले असू शकतात. तरीही बऱ्याच घरांत दहाव्या-बाराव्या आठवड्यात "डोस पूर्ण" म्हणून कार्ड कपाटात जातं.

यात विकणाऱ्यांचा मोठा वाटा आहे, हे स्पष्टच म्हणायला हवं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दलच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस, आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्चही तितका कमी. आईपासून लवकर तोडलेलं, प्रवासाने थकलेलं, पोटात जंत असलेलं आणि नेमकं धोक्याच्या काळात शिरणारं पिल्लू आपल्या हातात येतं. "एक डोस झालाय" हे वाक्य खरं असलं तरी त्यावर विसंबायचं नाही. कार्डावर लशीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही आहे का ते बघा आणि पुढचं वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून नव्याने आखून घ्या.

पण आमचं पिल्लू घराबाहेर जातच नाही

विषाणू घरात येतो. पार्वोला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, म्हणून तो चिवट आहे. कोरोनाचा विषाणू साबणाने किंवा सॅनिटायझरने मरायचा, कारण त्याचं आवरण विरघळायचं. पार्वोचं तसं होत नाही. सावलीतल्या, ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. चपलेच्या तळाला, गाडीच्या टायरला, पाहुण्यांच्या हाताला लागून तो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही पोचतो. माणसाला या विषाणूचा त्रास होत नाही, आपण फक्त वाहक. (लहान मुलांना होणारा पार्वो बी१९ हा वेगळा विषाणू आहे. नावामुळे घाबरायला नको.)

फिनेलने पुसून तो जात नाही, शिवाय फिनेल मांजरांना विषारी ठरू शकतं. उपयोगी पडतं ते साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी घाण पूर्ण काढून जागा साबणाने धुवायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच निकामी होतं. मग द्रावण दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि नंतर धुऊन टाकायचं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

याचं दुसरं टोकही बरं नाही. चार महिने पिल्लाला खोलीत कोंडलं तर ते माणसांना, आवाजांना, इतर कुत्र्यांना बुजरं होतं. सवयी लागायचं वय साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं, म्हणजे नेमकं हेच. मार्ग मधला आहे. पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा, रहदारी दाखवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी घरातच भेट घडवा. फक्त बागेतल्या मातीवर आणि अनोळखी कुत्री येतात-जातात अशा जागी खाली सोडू नका.

देशी कुत्र्याला काही होत नाही?

आपल्याला रस्त्यावर जी मोठी, तगडी देशी कुत्री दिसतात, ती वाचलेली कुत्री असतात. त्यांच्याबरोबर जन्मलेली जी भावंडं दोन-तीन महिन्यांत गेली, ती मोजायला कुणी बसत नाही. थंडीत गल्लीत सहा पिल्लं खेळताना दिसतात आणि होळीपर्यंत एखादंच उरतं, हे बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यामागे गाड्या असतात, उपासमार असते, आणि पार्वो व डिस्टेंपरही असतात. डिस्टेंपर हा गोवराच्या नात्यातला विषाणू. सुरुवातीला ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, मग झटके. त्याचं संरक्षण एकत्र लशीत पार्वोच्या बरोबरच मिळतं.

लसच खराब असेल तर?

असू शकते, आणि ती शंका रास्त आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. जिवंत विषाणूची लस उष्णतेने मरते आणि बाहेरून बघून ते कळत नाही. मेडिकलमधून बाटली घेऊन, पिशवीत टाकून, दुपारच्या उन्हात घरी आणायची आणि "टोचणाऱ्या" माणसाकडून टोचून घ्यायची ही पद्धत पैसे वाचवत नाही, वाया घालवते. जिथे दिवसाचे काही तास वीज जाते तिथे दवाखान्याच्या फ्रिजला बॅकअप आहे का, हे विचारण्यात अपमान कसला? भुकटीच्या रूपातली लस पाण्यात मिसळल्यावर लगेच वापरायची असते. सकाळी मिसळून ठेवलेली संध्याकाळी चालत नाही.

आणखी एक शक्यता असते. लस देताना पिल्लू आधीच संसर्ग झालेलं होतं, लक्षणं मात्र नंतर दिसली. मग लशीनेच पार्वो झाला अशी समजूत होते.

झालाच तर

वेळ घालवू नका, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पिल्लाने दोन वेळचं खाल्लं नाही आणि उलट्या सुरू झाल्या, तर रक्त दिसेपर्यंत थांबायचं नाही. दही-भात, ताक, हळदीचं पाणी हे उलटी होणाऱ्या पोटात टिकतच नाही. घरातल्या माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देणं तर धोक्याचं. उपचार न झालेली बहुतेक पिल्लं दगावतात. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक आणि लवकरात लवकर थोडं थोडं खाणं असे उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेक वाचतात. विषाणूला थेट बांधून टाकणाऱ्या अँटीबॉडीच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, पण आपल्याकडे आजही भिस्त सलाईनवरच आहे. पाच-सात दिवस रोज दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागतात आणि खर्च हजारांत जातो. लशीच्या सगळ्या डोसांचा खर्च त्यापुढे किरकोळ.

विष्ठेच्या झटपट चाचणीत कधी कधी रोग असूनही निगेटिव्ह येतं. लक्षणं तशीच असतील तर डॉक्टर चाचणी पुन्हा करतात किंवा पांढऱ्या पेशी मोजतात. उलट लस दिल्यावर लगेच केलेली चाचणी क्वचित पुसटशी पॉझिटिव्ह येते. जंत, गिळलेला मोजा, आतड्यात आतडं अडकणं यांतूनही हीच लक्षणं दिसू शकतात.

मांजर पाळणाऱ्यांसाठी

मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाची चिकाची गोष्ट आणि डोसांचं गणित अगदी हेच. पिल्लं फार वेगाने जातात, कधी लक्षणं नीट दिसायच्या आतच, आणि लोकांना वाटतं कुणी विष घातलं. पोटुशी मांजरीला संसर्ग झाला तर पिल्लं कधी कधी मेंदूचा तोल सांभाळणारा भाग अर्धवट वाढलेली जन्मतात. ती डुलत चालतात, पण त्यांचं ते वाढत नाही आणि सांभाळलं तर चांगली जगतात. कुत्र्यांच्या पार्वोचे आजचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात, त्यामुळे कुत्रा आजारी असेल तर घरातल्या मांजरीचं कार्डही तपासा.

मोठेपणी दरवर्षी टोचायची गरज आहे का?

पार्वो आणि डिस्टेंपरसाठी नाही. पिल्लूपणीचं वेळापत्रक नीट पूर्ण झालं असेल तर त्यांचा डोस तीन वर्षांतून एकदाही पुरतो. हवं तर रक्तातल्या अँटीबॉडी तपासून घेता येतात. पण "नाइन इन वन" सारख्या एकत्र लशीत लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या जिवाणूच्या रोगाचाही भाग असतो. ती मेलेल्या जिवाणूंची लस आहे, तिला सुरुवातीला दोन डोस लागतातच आणि संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती अनेकांना आठवत असेल. उंदराच्या मुतातून कुत्र्याला आणि कुत्र्याच्या मुतातून माणसाला तो होऊ शकतो. मुंबई-कोकणात हा डोस पावसाळ्याआधी दरवर्षी द्यावा. रेबीजचं वेळापत्रक वेगळं आहे. त्यात डॉक्टर आणि महापालिका सांगतील तसंच करायचं, तिथे स्वतःची हुशारी नको.

गल्लीतल्या पिल्लांचं काय

नसबंदीच्या सरकारी कार्यक्रमात भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस मिळते, पार्वोची नाही. ती देतात ते सोसायटीतले, गल्लीतले खाऊ घालणारे लोक, स्वतःच्या खिशातून. सगळ्या पिल्लांना तीन-तीन डोस देणं कुणालाच परवडत नाही, आणि मग बहुधा एक डोस शक्य तितक्या लवकर दिला जातो, म्हणजे बहुधा गेट बंद असताना. जागतिक संघटनेचं याबाबतचं उत्तर सरळ आहे. पैसे एकाच डोसाचे असतील तर तो सोळा आठवडे झाल्यावर द्या. तोवर बरीच पिल्लं जगलेली नसतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून दोन डोसांची सोय होत असेल तर एक आठव्या-नवव्या आठवड्यात आणि एक सोळाव्यानंतर, अशी विभागणी करणं बरं. निवाऱ्यात एकत्र ठेवलेल्या पिल्लांची गोष्ट वेगळी. तिथे विषाणूचा मारा सतत असतो, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी, थेट विसाव्या आठवड्यापर्यंत डोस चालू ठेवतात, आणि नवं आलेलं प्रत्येक पिल्लू दारातच टोचून मग वेगळं ठेवतात.